किलोच्या मापातली शाश्वतता

इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचे पर्यावरणविषयक अहवाल आता ताळेबंदाइतक्याच नेटकेपणाने प्रसिद्ध होतात. पुनर्प्रक्रिया केलेल्या प्लास्टिकचे आवरण, कागदी खोके, कारखान्याच्या छतावरील सौरपटल यांचे त्यांत सविस्तर वर्णन असते. त्यातील बहुतेक माहिती खरीही असते. मात्र विकलेले यंत्र प्रत्यक्षात किती वर्षे वापरात राहिले, हा आकडा तेथे क्वचितच सापडतो. शाश्वततेचा खरा प्रश्न नेमका तोच आहे. स्मार्टफोनमुळे होणाऱ्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वीच, खाणीत आणि चिपच्या कारखान्यात, होऊन गेलेला असतो. तोच फोन तीनऐवजी सहा वर्षे चालला, तर उत्पादनाचा हा भार दर वर्षामागे निम्म्यावर येतो. खोके बदलून हे साधत नाही.

आपल्याकडे मात्र सारा वाद वस्तू मोडीत निघाल्यानंतरच्या खर्चाभोवती फिरतो आहे. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. विकलेल्या मालाचे सरासरी आयुष्य संपल्यावर त्याचा ठरावीक हिस्सा पुनर्प्रक्रियेस जाईल, ही जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली. आरंभी ६० टक्के असलेला हा हिस्सा २०२७-२८ पासून ८० टक्के होणार आहे. उत्पादक स्वतः काही वितळवत नाही. तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडून प्रमाणपत्रे विकत घेतो. ही प्रमाणपत्रे कवडीमोलाने विकली जाऊ नयेत, म्हणून किमान दर ठरवण्यात आले: ग्राहकोपयोगी इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी किलोमागे २२ रुपये आणि स्मार्टफोनसाठी ३४ रुपये. त्याविरुद्ध सॅमसंग, एलजी, डायकिन आदी कंपन्यांनी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली.

कंपन्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. दर वाढवला म्हणजे ईशान्य दिल्लीतील सीलमपूरच्या गल्ल्यांत उघड्या हातांनी आम्लात पट्ट्या बुडवणाऱ्या मजुराचे काम आपोआप सुरक्षित होईल, असे नव्हे. परंतु दर नसेल, तर नियम पाळणारा कारखाना त्या गल्लीशी स्पर्धा करूच शकत नाही, हेही तितकेच खरे. या बाबतीत मी सरकारच्या बाजूने आहे.

तरीही हिशेब करून पाहावा. दोनशे ग्रॅमच्या फोनसाठी, पूर्ण वजन धरले तरी, ही जबाबदारी ६ रुपये ८० पैशांची होते. पन्नास किलोच्या फ्रिजसाठी ती ११०० रुपये होते. ज्या वस्तू घराघरांत दहा-बारा वर्षे टिकतात, त्यांच्यावर बोजा जड. जी दोन-तीन वर्षांत खणात जाऊन पडते, तिच्यावर नगण्य. किलोच्या मापाला वस्तूचे आयुष्य दिसत नाही. नियमांत एक सुज्ञ तरतूद आहे खरी: वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणली, तर उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्या प्रमाणाच्या फक्त ७५ टक्केच मोजली जाते. पण सात रुपयांच्या देण्यातील पाव हिस्सा वाचवण्यासाठी कोणती कंपनी फोनची रचना बदलेल?

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवे काही वाटणार नाही. १९२४ मध्ये जिनिव्हात दिव्यांच्या प्रमुख उत्पादकांनी फीबस नावाचा संघ स्थापन केला. बल्ब एक हजार तासांच्या आसपासच चालावा असे ठरले आणि अधिक टिकणारा बल्ब बनवणाऱ्या सदस्याला दंड होऊ लागला. आज असा करार करण्याचीही गरज उरलेली नाही. चिकटवलेली बॅटरी, न मिळणारा सुटा भाग, बंद झालेले सॉफ्टवेअर एवढे पुरते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, तेव्हा उत्तम चालणारे कितीतरी संगणक केवळ पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नसल्याने एका दिवसात जुने ठरले.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून फोनसाठी वेगळा मार्ग धरला आहे. एखाद्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतर सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरची अद्ययावत आवृत्ती मिळालीच पाहिजे. तेथे हे पाळणाऱ्या कंपन्याच येथेही माल विकतात. मग भारतीय ग्राहकाला तेच का मिळू नये, याचे तांत्रिक उत्तर कोणाकडे नाही. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाच्या समितीने मे २०२५ मध्ये दुरुस्ती निर्देशांकाची शिफारस केली. परंतु तो कंपन्यांनी स्वतःच घोषित करावयाचा आहे. स्वघोषणेची तपासणी करणारी यंत्रणा नसेल, तर निर्देशांक हे खोक्यावरचे आणखी एक चिन्ह ठरेल.

यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. संगणकांचा मोठा ग्राहक सरकारच आहे. माझ्या सेवाकाळात निविदांच्या तुलनातक्त्यात किमतीचा रकाना असे, हमीकाळाचाही असे. सुटे भाग किती वर्षे मिळतील, हा रकाना पाहिल्याचे आठवत नाही. तो घालायला एक परिपत्रक पुरते. ज्याला सात वर्षांची लेखी हमी देता येणार नाही, त्याची निविदा उघडूच नये.