मोतीची मराठी

जर्मनीतील श्टुटगार्ट हे शहर १९६८ पासून मुंबईचे भगिनी-नगर आहे. तेथील मोटारउद्योगामुळे पुण्या-मुंबईकडच्या अनेक मराठी अभियंत्यांनी त्या परिसरात संसार थाटले आहेत. आमचे चिरंजीव त्यांपैकीच एक. गेल्या उन्हाळ्यात आम्ही उभयता त्यांच्याकडे गेलो होतो. पहिल्याच सकाळी दारातून आठ वर्षांच्या नातवाचा खणखणीत आवाज आला, “मोती, थांब! आधी पाय पुसू दे, मग आत ये.” ते शुद्ध मराठी ऐकून पत्नीला भरून आले. ती लगबगीने बाहेर गेली आणि म्हणाली, “बाळा, दूध घेतलंस का?” नातवाने उत्तर दिले, ते मात्र इंग्रजीत. घरातल्या कुत्र्याशी मराठी आणि आजीशी इंग्रजी! हे कोडे उलगडायला आम्हाला महिना लागला.

परदेशस्थ मराठी कुटुंबांविषयी आपल्याकडे दोन ठरावीक मते आहेत. एक म्हणजे ती मंडळी सुखात लोळतात आणि दुसरे म्हणजे त्यांची मुले ‘हातची गेली’. प्रत्यक्ष दिनक्रम पाहिला की ही दोन्ही मते गळून पडतात. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात. धुणी-भांडी, स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, आजारपण हे सारे दोघांनीच निभवायचे असते. हाकेच्या अंतरावर आत्या नाही, मावशी नाही. आजी-आजोबांनी जावे, तर पर्यटक-परवान्यावर १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहता येत नाही. अशा घरात संस्कार हा निवांत वेळी देण्याचा विषय उरत नाही. तो रोजच्या कामातूनच व्हावा लागतो.

मोतीचेच पाहा. त्याला प्राण्यांच्या आश्रयगृहातून आणण्यापूर्वी तेथील लोकांनी घर केवढे आहे, दिवसा घरी कोण असते, सुट्टीत कुत्र्याची सोय काय, अशी आमच्या मुलाची कसून चौकशी केली होती म्हणे. कुत्रा पाळणाऱ्याला नगरपालिकेकडे दरवर्षी कर भरावा लागतो. त्याला मोकळ्या हवेत पुरेसे फिरवणे आणि दिवसातून अनेकदा त्याला सहवास देणे हे तेथील नियमांनी मालकावर बंधनकारक केले आहे. त्याने रस्त्यावर घाण केली, तर ती मालकाने उचलायची. पावसात, गारठ्यात वडिलांबरोबर नातू निमूटपणे बाहेर पडत असे आणि खिशातली पिशवी काढून ते कामही करत असे. आरंभी मला हा सारा अतिरेक वाटला. पुढे ध्यानात आले की, आपल्या पूर्वजांनी गृहस्थाच्या नित्य पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितला तो याचसाठी. मुक्या जीवाचा घास आधी काढून ठेवणे हा लहर लागली तर करण्याचा दानधर्म नव्हे. ते रोजचे कर्तव्य आहे.

आपल्या राज्यघटनेने १९७६ साली सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य म्हणून अनुच्छेद ५१ अ मध्ये नोंदवले. जर्मनीने आपल्या घटनेत प्राणिसंरक्षणाचा समावेश केला तो २००२ साली, म्हणजे आपल्यानंतर सव्वीस वर्षांनी. परंतु वाढदिवसाची भेट म्हणून पिलू विकत आणायचे आणि सहा महिन्यांनी कंटाळा आला की रस्त्यावर सोडून द्यायचे, हे मी आमच्याच गृहसंकुलात पाहिले आहे. तत्त्व प्रथम लिहिल्याचा अभिमान जरूर बाळगावा, पण पिशवी हाती घेऊन ते आचरणात आणणाऱ्यांकडून शिकण्यात कमीपणा मानू नये.

दुसरा धडा अधिक झोंबणारा होता. एका सायंकाळी नातवाच्या हट्टापायी माझा हात उगारला गेला. चिरंजीवांनी तो हळूच खाली घेतला. जर्मनीत २००० सालापासून हिंसामुक्त संगोपन हा मुलाचा कायदेशीर हक्क आहे. परंतु मुलाने कायद्याचे नाव घेतले नाही. तो एवढेच म्हणाला, “बाबा, तो मोतीवर कधी हात उगारत नाही. आपण त्याच्यावर उगारला, तर तो काय शिकेल?” माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आता त्या कोड्याविषयी. मोती घरी आला तेव्हा सूनबाईंनी ठरवून टाकले होते की, त्याला हाका आणि आज्ञा मराठीतच द्यायच्या. त्यामुळे मोतीला ‘बस’, ‘ये’, ‘नको’ एवढेच कळते. नातवाने दुसऱ्या भाषेत कितीही सांगितले, तरी तो ढिम्म हलत नाही. त्याच्याशी बोलायचे तर मराठीवाचून गत्यंतर नाही! आणि आम्ही? गेली चार-पाच वर्षे दर रविवारी संगणकावरून नातवाशी बोलताना तो इंग्रजीत काही म्हणाला की आम्ही कौतुकाने इंग्रजीतच उत्तर देत होतो. त्याला सोपे जावे हा हेतू होता आणि ‘आम्हालाही येते’ हा थोडा तोराही. आजी-आजोबांशी बोलायला मराठी लागत नाही, हे त्याला आम्हीच शिकवले होते. दोष ना त्या देशाचा होता, ना त्या मुलाचा.

परदेशातील महाराष्ट्र मंडळांचे गणेशोत्सव आणि रविवारच्या मराठी शाळा यांचे मोल मी कमी लेखत नाही. तथापि उत्सव वर्षातून एकदा येतो आणि शाळा आठवड्यातून एकदा भरते. भाषा जगते ती गरजेवर, आणि ती गरज प्रेमाच्या माणसाने निर्माण करावी लागते. उरलेले दोन महिने आम्ही नातवाशी केवळ मराठीत बोललो. तो अडला की थांबलो, शब्द पुरवला; रागावलो नाही, हसलोही नाही. आम्ही निघालो त्या दिवशी तो मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, “आजी, तू गेल्यावर मोतीला कोणी गोष्ट सांगेल?” पत्नी म्हणाली, “तू सांग.”

ज्यांची नातवंडे परदेशी आहेत, अशा वाचकांची संख्या आता लहान नाही. पुढची पिढी तुटत चालल्याची खंत बैठकीत व्यक्त करण्यापूर्वी आपण त्या मुलांशी कोणत्या भाषेत बोलतो, हे प्रत्येकाने एकदा स्वतःला विचारावे. आम्ही आता रविवारची वाट पाहत नाही. रोज रात्री दहा मिनिटे फोन होतो आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, “मोती जेवला का?” उत्तर मराठीत येते.