बाहुलीच्या तोंडात जीभ कुणाची?

बाहुल्यांचा खेळ म्हणजे पोराटोरांची करमणूक, असं समजणाऱ्या शहाण्यांनी जरा तैवानकडे बघावं. तिथं सरकार लाकडाच्या बाहुल्यांना घाबरलं होतं.

१९७० साली तैवान टेलिव्हिजनवर ह्वांग चुन-श्युंग यांची मालिका सुरू झाली. हातात घालून नाचवायच्या बाहुल्या, तलवारी, धूर, उड्या, मारामारी. नायक श यान-वन, पोथ्या वाचलेला लढवय्या. ५८३ भाग झाले. ९७ टक्के प्रेक्षक हाच खेळ बघत, असं अजून सांगतात. १९७४ साली सरकारनं तो बंद पाडला. कारण काय, तर शेतकरी-कामगारांच्या कामाचा खोळंबा होतो! गोदीत घाम गाळणाऱ्याला हे कारण लगेच कळतं. आपण पाठीवर ओझं घेतलेलं चालतं, मान वर करून काही बघितलेलं चालत नाय.

पण खरं दुखणं जिभेचं होतं. बाहुल्या बोलायच्या घराघरातली तैवानी बोली. राज्यकर्त्यांची भाषा मँडरिन. १९४९ ते १९८७ लष्करी कायदा. शाळेत पोरानं बोलीत तोंड उघडलं की दंड, नायतर गळ्यात पाटी. १९७६ च्या कायद्यानं तर बोलीतले कार्यक्रम वर्षागणिक कमी करा, असंच फर्मावलं. १९९३ साली ते कलम गेलं.

दोस्तहो, हे आपल्याला नवं नाय. वर्गात 'पानी' म्हटलं की हशा पिकतो. ज्यांनी 'पाणी' म्हणायला शिकवलं, त्यांच्याच बापजाद्यांनी ते पिऊ दिलं नव्हतं. त्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना महाडला जावं लागलं.

म्हणून बोलीतल्या बाहुल्यांना आपला सलाम. नायक विद्वान असला तरी लोकांनी दोन पुढच्या दातांच्या वेंधळ्यालाही डोक्यावर घेतलं, कुबड आलेल्या मी-त्यावलाही. देखण्यांच्या गर्दीत आपल्यासारखा कुणी दिसला की माणूस जीव लावतो.

पण टाळ्या वाजवून थांबू नका. या खेळात राजा, चोर, म्हातारी, तरणी पोर, सगळ्यांचा आवाज एकच पुरुष काढतो. परंपराच तशी. पुढच्या पिढीत ह्वांग वन-त्स यांनी 'पिली' मालिकेत कित्येक वर्षं तेच केलं. कसब जबर, वाद नाय. तरी बाईचं रडणं पुरुषाच्याच गळ्यातून! २०१६ च्या 'थंडरबोल्ट फँटसी'त, जपानी आवृत्तीत, बायांच्या बाहुल्यांना बायांचे आवाज मिळाले.

इथंही आपले आवाज काढणारे साहित्यिक पैशाला पासरी आहेत. बोली आपली उचलतात, गळा त्यांचा. त्यांना आपण शिव्या घालतो, घालायलाच पायजेत. पण आपल्या सभेत आया-बहिणींच्या वतीनं कोण बोलतं? माईक कुणाच्या हातात असतो? मोर्चात त्या पुढं, लाठी खायला पुढं, भाषणाच्या वेळी मात्र सतरंजीवर.

बाहुलीला तक्रार करता येत नाय. आपल्या बाया बाहुल्या नायत. पुढच्या सभेत माईक आधी त्यांच्याकडं द्या, आणि खाली बसून ऐका.