कुलूप आणि कंदील

प्रवासाला निघालेल्या माणसाला आपल्याकडे दारातच तीन प्रश्न विचारले जातात. कुलूप घेतलेस का? पैसे दोन ठिकाणी ठेवलेस का? आणि पोचल्यावर फोन करशील ना? आपले सारे सुरक्षाशास्त्र या तीन प्रश्नांत सामावलेले आहे. चोर हा एकच शत्रू, कुलूप हे एकच अस्त्र आणि फोन हा सुखरूप असल्याचा एकच पुरावा! वाटेतला पूल कधी तपासला होता, स्टेशनचा जिना केवढा आहे, रात्री स्टँडवर दिवा असतो का, असले काही कोणी विचारीत नाही. माझ्या मते विचारायला हवे ते हेच.

या सदराच्या वाचकांना माझा भटकेपणा नवा नाही. कुठे परीक्षेचे काम, कुठे व्याख्यानमाला, कुठे कुणाच्या पुस्तकाचे प्रकाशन; महिन्यातले आठ-दहा दिवस माझा मुक्काम आगगाडीत, एस.टी.त किंवा स्टँडच्या बाकावर असतो. या वणवणीतून माझे एक मत बनले आहे. सुरक्षितता ही दोन जातींची असते. एक कुलपाची आणि दुसरी कंदिलाची. कुलूप माणसावर संशय घेते, कंदील माणसाला सांभाळतो. कुलूप डोळ्यांना दिसते, हाताला लागते, त्यामुळे मनाला धीर येतो. कंदील बहुधा दुसऱ्याच कुणाच्या हातात असतो, आणि आपण बर्थवर घोरत असताना तो रुळांच्या कडेने चालत असतो. आपण कुलपांविषयी फार बोलतो आणि कंदिलाची चौकशी मुळीच करीत नाही, ही माझी तक्रार आहे.

आधी कुलपाचे पाहू. एका मोठ्या स्टेशनच्या दारात धातू शोधणारी एक चौकट उभी असते. तिच्या शेजारी हातगाडी जाईल एवढी मोकळी वाट आहे. निम्मे लोक त्या वाटेने जातात. उरलेले निम्मे चौकटीतून जातात तेव्हा ती प्रत्येकासाठी सारख्याच आपुलकीने ‘पीं’ करते. किल्ल्यांसाठी पीं, जेवणाच्या डब्यासाठी पीं, आजोबांच्या चष्म्याच्या घरासाठीही पीं. मान वर करून कोणी पाहत नाही. देवळातल्या घंटेखालून जाताना जसा हात आपोआप वर जावा, तशी ती आपोआप वाजते.

याच्या उलट अनुभव विमानतळावरचा. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी बहिणीकडे फराळ घेऊन निघालो होतो. बॅग यंत्रातून गेली आणि पट्टा थांबला. पडद्यावर एका डब्यात सारख्या आकाराचे गोळे रचलेले दिसत होते! पडद्यासमोरच्या जवान बाईंनी विचारले, “यह क्या है?” मी म्हणालो, “बेसन के लड्डू.” त्यांनी डबा उघडवला, पाहिला, वास घेतला आणि हसून बंद केला. मला त्या तपासणीचा राग आला नाही. उलट बरे वाटले. कारण पडद्यामागे कोणी तरी खरोखर पाहत होते. यंत्र दाखवण्याचे काम करते, पाहण्याचे काम माणसालाच करावे लागते. स्टेशनवरच्या त्या चौकटीला नेमका हा दुसरा अर्धा भाग नाही.

कुलपे नकोतच, असे कोणी समजू नये. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये एकामागून एक झालेले स्फोट मुंबईकर विसरलेला नाही. २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र तर साऱ्या देशाच्या लक्षात आहे. पण त्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अनेक जीव कशाने वाचले? उद्घोषक विष्णू झेंडे आपल्या खोलीतून खालचे दृश्य पाहत होते. ते जागेवरून हलले नाहीत. लोकांनी स्टेशनाबाहेर पडावे, कोणत्या बाजूने पडावे, हे ते ध्वनिक्षेपकावरून सांगत राहिले. तंत्र म्हणाल तर अगदी जुने: एक माइक आणि चालू असलेले कर्णे. पण कर्णे चालू होते, त्यांतला आवाज स्पष्ट होता आणि माणूस आपल्या जागी होता. मी याला कंदील म्हणतो.

आता आपल्या मृत्यूंचा दुसरा हिशेब पाहा. तो कोणत्याही चौकटीत सापडत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद जिन्यावर पावसाने खोळंबलेली गर्दी चेंगरली आणि वीसांहून अधिक माणसे गेली. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल कोसळला. त्याआधीच्या तपासणीत किरकोळ दुरुस्ती पुरेल असा शेरा त्याला मिळालेला होता. या तिन्ही ठिकाणी ना चोर होता, ना अतिरेकी. माणसे पाऊस, गर्दी आणि दुर्लक्ष यांनी मारली.

त्याहून मनाला लागते ती पुढची गोष्ट. सावित्रीवर नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. एल्फिन्स्टनला लष्कराने काही महिन्यांत, २०१८ च्या फेब्रुवारीत, नवा पूल बांधून दिला. त्याच वर्षी स्टेशनला प्रभादेवी हे नावही मिळाले. म्हणजे पैसा, कौशल्य, माणसे, सारे आपल्याकडे आहे. आधीचा जिना अपुरा आहे ही तक्रार तर प्रवासी पूर्वीपासून करीत होते. बांधायला आपण कमी पडत नाही. वेळेवर पाहायला कमी पडतो. नव्या पुलाला नारळ फोडता येतो, फीत कापता येते. जुन्या पुलाखाली वाकून त्याच्या भेगा पाहणाऱ्या अभियंत्याला हार कोण घालणार?

आणि तरीही पाहणे जमते, याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झाली. सुमारे ७४० किलोमीटरची वाट आणि तीत नव्वदांहून अधिक बोगदे. २००३ च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ दरड कोसळून गाडीला मोठा अपघात झाला. पुढच्याच वर्षी जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. त्यानंतर उतार कापून सौम्य केले गेले, खडकांवर लोखंडी जाळ्या बसल्या, पाऊस मोजणारी यंत्रे आली. पण मला विशेष वाटतात ते दोन साधे उपाय. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रकच निराळे असते, गाड्या सावकाश धावतात. मुसळधार पावसात पुढचे दिसेनासे झाले, तर ताशी ४० किलोमीटरच्या वर जायचे नाही अशी चालकांना ताकीद असते. आणि शेकडो गस्तवाले रात्रंदिवस रुळांवरून चालत दरडी पाहत असतात. डब्यातले प्रवासी घड्याळ पाहून कुरकुरतात, “ही काय बैलगाडी आहे का?” त्यांना सांगावेसे वाटते, की बाबांनो, गाडीला होणारा उशीर हाच तुमचा विमा आहे; त्याचा हप्ता म्हणून तासभर द्या.

यंत्रांविषयी माझ्या मनात अढी नाही. पण चांगले यंत्र कोणते आणि उपद्रवी कोणते, याची माझी एक परीक्षा आहे. एकेरी मार्गावर पूर्वी स्टेशनमास्तर चालकाच्या हाती धातूचा एक गोळा देत असे. तो हाती असल्याशिवाय गाडीने पुढच्या टप्प्यात शिरायचे नाही. दोन्ही स्टेशनांतली यंत्रे तारेने अशी जोडलेली, की एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघतच नसे. म्हणजे एका टप्प्यात दोन गाड्या समोरासमोर येणार कशा? माणसाच्या आठवणीवर भिस्त न ठेवता त्याच्या चुकीला आधीच जागा ठेवून केलेली ही रचना. आजचे ‘कवच’ हे त्याच वंशातले. रुळांत बसवलेल्या खुणा, इंजिनातले यंत्र आणि स्टेशन यांचे बिनतारी बोलणे चालू असते, आणि चालकाने तांबडा सिग्नल ओलांडू नये म्हणून ब्रेक आपोआप लागतो. २०२० साली ही पद्धत देशासाठी स्वीकारली गेली; सगळ्या मार्गांवर ती पोचायची आहे. हे यंत्र प्रवाशाला काहीही विचारीत नाही, हा त्याचा मोठा गुण.

दुसरी यंत्रे मात्र प्रवाशाचीच परीक्षा घेत बसतात. तिकीट मोबाइलमध्ये, पैसे मोबाइलमध्ये, मी मीच आहे याचा दाखलाही मोबाइलवर येणाऱ्या सहा आकड्यांत! घाटात रेंज गेली, की माणूस असून नसल्यासारखा. ज्याला हे जमते त्याची रांग खरोखर वाचली, हे मी मान्य करतो. मीही तिकिटे घरी बसूनच काढतो. पण खिडकीशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला “मोबाइलवरून काढा की, आजोबा” असे सांगून खिडकी बंद करणे, ही सुधारणा नव्हे. एस.टी.त पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे आणि बायकांना २०२३ पासून निम्मे भाडे. किती घरांतल्या आज्या त्यामुळे लेकीकडे जाऊ लागल्या! तिथे अजून कंडक्टर समोर येतो, ओळखपत्र पाहतो आणि आजीला हाताला धरून पायरी चढवतो. असा माणूस सुटीत घालवून यंत्र ठेवू नये, एवढेच म्हणणे.

माझ्या वर्गातली एक मुलगी रोज तालुक्याच्या गावाहून एस.टी.ने येते. स्टँडवर नवे कॅमेरे बसले तेव्हा मी सहज म्हणालो, “आता बरे झाले. तुम्हा मुलींना धास्ती नाही.”

ती म्हणाली, “सर, कॅमेरे चार आहेत. पण स्वच्छतागृहाच्या दाराला आतून कडी नाही.”

मी गप्प झालो. ती पुढे अगदी सहज म्हणाली, “म्हणून आम्ही मुली सकाळपासून पाणीच पीत नाही.”

हजारो रुपयांचे डोळे भिंतीवर टांगले, आणि पाच-पन्नास रुपयांची कडी राहून गेली! कॅमेरा घडलेला गुन्हा नंतर दाखवील. कडी तो घडूच देणार नाही. पाणी न पिता दिवस काढणारी मुलगी कोणत्याही अहवालात येत नाही, कारण तिला ‘काही झालेले’ नसते. वाचकहो, तुमच्याआमच्या घरातली मुलगीही अशीच तहानलेली घरी येत असेल. एकदा विचारून पाहा.

मग आपण सामान्य माणसांनी करायचे काय? पूल आपण बांधीत नाही आणि कवचही बसवीत नाही. पण रोज त्याच जिन्याने जाणाऱ्याला हललेली पायरी अधिकाऱ्याच्या आधी कळते. रेल्वेत मदतीला १३९ हा एकच क्रमांक २०२१ पासून आहे. तो केवळ चोरी झाल्यावर फिरवायचा नसतो. एस.टी.च्या स्टँडवर तक्रारवही मागता येते. मी मागतो आणि लिहितो: “फलाट तीन, दिवा नाही”, “स्वच्छतागृह, कडी नाही”. तारीख घालतो, सही करतो. पुढच्या फेरीत काय झाले ते पाहतो, आणि झाले नसेल तर पुन्हा लिहितो. त्या मुलीच्या स्टँडवर तिसऱ्या नोंदीनंतर कडी बसली. दिवा अजून यायचा आहे.

तुम्हीही या दिवाळीत जाता-येता दोन ओळी लिहाव्यात, अशी विनंती आहे. फक्त पेन घरून न्यावे. तिथले पेन टेबलाला दोरीने पक्के बांधलेले असते. ते चोरीला जाऊ नये याची व्यवस्था चोख आहे; त्यात शाई आहे की नाही, हे मात्र कोणी पाहिलेले नसते.