एक ‘वाय’ दाबला आणि बचत गटाचा हिशेब बंद!

काळ्या स्क्रीनवर प्रश्न येतो. इतकी पॅकेजेस अपग्रेड होतील, इतके एमबी डाउनलोड होतील, पुढे जायचं का? वाय की एन? खरं सांगा, वरची ती लांबलचक यादी तुम्ही कधी वाचलीय? मी पण नव्हती वाचली.

मे २०२३ची गोष्ट. उबुंटू १८.०४च्या नेहमीच्या सपोर्टची मुदत त्या महिनाअखेर संपत होती. आंजीला आमच्या घरी एक जुना डेस्कटॉप आहे, त्यावर मी कॉलेजात असताना लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम चालतो. गावातल्या सात महिला बचत गटांची मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज, हप्ते सगळं त्यात. आई एका गटाची सचिव, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन गटांची बैठक होती. म्हटलं, रात्रीतून २०.०४ टाकून मोकळं होऊ. वाय दाबला. शेवटी कुठल्याशा पॅकेजची एरर सरकून गेली, तिच्याकडेही लक्ष दिलं नाही. मशीन रीस्टार्ट केली आणि प्रोग्रॅम उघडेचना.

झालं काय होतं? १८.०४ सोबत मायएसक्यूएल ५.७ येतं, २०.०४ सोबत ८.०. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम बदलता बदलता मी डेटाबेसही बदलला होता, आणि ते माझ्या डोक्यातच नव्हतं. जुन्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये क्वेरी कॅशच्या दोन ओळी होत्या. ५.७ला त्या चालायच्या. ८.०मधून क्वेरी कॅश काढूनच टाकलेला, त्यामुळे अनोळखी ओळ दिसली की सर्व्हर सुरूच होत नाही. लॉग वाचून ते सापडायला मला दीड तास लागला. दोन ओळी काढल्या, सर्व्हर उठला, मी खूश!

तर प्रोग्रॅम अजूनही बंदच. कारण ऐकून हसाल. गटांच्या टेबलला मी नाव दिलं होतं ‘ग्रुप्स’. बचत गटांचा प्रोग्रॅम, दुसरं काय नाव देणार? पण ८.०मध्ये हा शब्द मायएसक्यूएलने स्वतःसाठी राखीव करून टाकला. ‘रँक’चंही तेच झालं. माझ्या प्रत्येक क्वेरीत तो शब्द होता. रात्री तीनपर्यंत एकेका ठिकाणी उलटे अवतरण टाकत बसले.

सकाळी एक काकू दारात. त्यांचं कर्ज त्या दिवशी मंजूर व्हायचं होतं, बियाण्यासाठी. आईने त्यांना सांगूनच टाकलं होतं की कॉम्प्युटर बिघडला. त्यांनी एवढंच विचारलं, ‘पैसे तं नाई गेले ना पोरी आमचे?’ पैसे बँकेत होते, ते कुठे जाणार? पण कोणाचे किती, हे त्या डब्यात होतं. आणि माझा शेवटचा बॅकअप डिसेंबरचा होता.

या सगळ्यात सगळ्यात मोठी चूक कोणती, ते मला नंतर कळलं. सर्व्हर सुरू होत नव्हता, तोपर्यंत डेटा जुन्याच स्वरूपात जसाच्या तसा पडलेला होता. ते फोल्डर तेव्हाच पेन ड्राइव्हवर कॉपी करायला हवं होतं. ८.०.१६पासून मायएसक्यूएल पहिल्यांदा सुरू होताना आतल्या टेबलांचं अपग्रेड स्वतःच करून टाकतं. एकदा ते झालं की ५.७ तो डेटा उघडू शकत नाही. परतीचा रस्ताच नाही! मी तर ‘अरे सुरू झालं’ म्हणून चहा करायला गेले होते.

पॅकेज मॅनेजरला दोष देऊ नका, तो त्याचं काम चोख करतो. व्हीएलसी जुनं झालं, नवं टाका. चुकलं, काढा, परत टाका. पण डेटाबेसमध्ये पॅकेजमागे वर्षानुवर्षांची माहिती असते, ती जुन्या व्हर्जनच्या हाताने लिहिलेली. ही माहिती कोणाची, हे पॅकेज मॅनेजरला ठाऊक नसतं. पोस्टग्रेसच्या बाबतीत डेबियन-उबुंटूवाल्यांनी जरा शहाणपणा केलाय: नवं मोठं व्हर्जन जुन्याच्या शेजारी बसतं, जुना डेटा जागेवर राहतो आणि हलवायचा तो तुम्ही स्वतः, जाणूनबुजून हलवायचा. सगळीकडे असं हवं, असं मला वाटतं.

आणि मोठ्यांचं तरी कुठे सगळं ठीक असतं? ३१ जानेवारी २०१७ला गिटलॅबच्या इंजिनिअरने चुकून चालू सर्व्हरवरचा डेटा उडवला. बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपच नव्हता. डेटाबेस होता पोस्टग्रेस ९.६ आणि बॅकअप काढणारं हत्यार चालत होतं ९.२चं. दोघांचं जमेना, आणि काम फसल्याच्या ईमेल कोणापर्यंत पोचतच नव्हत्या. सहा तासांपूर्वीचा एक स्नॅपशॉट योगायोगाने सापडला, म्हणून निभावलं. मधल्या सहा तासांचं काम गेलं ते गेलंच.

यावर आमच्याकडचं उत्तर ठरलेलं: चालू आहे ना, मग हात लावू नको. हेही मला पटत नाही. ५.७चा सपोर्ट ऑक्टोबर २०२३मध्ये संपला, त्यानंतर सापडलेली भोकं कोण बुजवणार? उलट, आलं की लगेच टाका, हेही नाही. जुलै २०२४मध्ये ८.०.३८ आलं आणि दहा हजारांहून जास्त टेबलं असतील तर रीस्टार्टला सर्व्हर कोसळायला लागला. काही आठवड्यांत त्यांना दुरुस्त व्हर्जन काढावं लागलं.

आम्हाला कॉलेजात नॉर्मलायझेशन शिकवलं, जॉइन शिकवले. बॅकअप काढून तो दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवा, असं प्रॅक्टिकल कधी झालं नाही. आणि गावात तर कॉम्प्युटरचं कळणारा किंवा कळणारी एकच असते. कृषी केंद्राची उधारी असो की पतसंस्थेच्या पावत्या, बोलावणं तुम्हालाच येणार. चुकलात तर विचारायला शेजारी सीनिअर नसतो.

त्या रात्री लाइट गेली नाही, हे माझं नशीब. डाउनलोड होताना मोबाइलचं नेट गेलं तर फार बिघडत नाही, फाइली परत येतात. पण पॅकेज बसत असताना डेस्कटॉप बंद पडला तर सिस्टिम अर्धी जुनी, अर्धी नवी. मे महिन्यात आमच्याकडे वारा सुटला की लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, हे तुम्हाला मी काय सांगू.

आता डेटाबेसचं पॅकेज मी ‘होल्ड’वर ठेवलंय, बाकी सगळं अपग्रेड होतं, ते थांबतं. ८.०ची मुदतही एप्रिल २०२६चीच, म्हणजे परत तेच करायचंय. पण यावेळी आधी सगळा डेटा डंप करून लॅपटॉपवर नव्या व्हर्जनमध्ये उघडून बघायचा. मायएसक्यूएल शेलमध्ये अपग्रेड चेकर असतो, तोही चालवायचा. ‘ग्रुप्स’चं भांडण त्याने मला दोन मिनिटांत सांगितलं असतं. दिवस ठरलाय मासिक बैठकीच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे हातात पुरा महिना. वेळ सकाळची, शेजारच्यांचा इन्व्हर्टर मागून घेऊन.

आईने मात्र त्या दिवसापासून रजिस्टर परत सुरू केलंय. बैठकीत आधी ती वहीत लिहिते, मग मी कॉम्प्युटरवर टाकते.