सही ज्याची, खाते त्याचे

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (2004) या चित्रपटाने स्किझोफ्रेनिया हा आजार अनेक मराठी घरांपर्यंत पोहोचविला. अतुल कुलकर्णी यांनी साकारलेल्या शेषसाठी हळहळणारा प्रेक्षक तोच आजार शेजारी आढळला, की मात्र दार लोटून घेतो. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणी आपल्या वाईटावर टपले आहे अशी पक्की समजूत होणे, माणसांतून उठत जाणे ही त्याची लक्षणे. ‘एका देहात दोन माणसे’ हा समज निखालस चुकीचा. नियमित औषधे आणि घरच्यांचा आधार यांमुळे अनेक रुग्ण सावरतात, नोकरी करतात आणि अर्थातच बँकेतही येतात.

तेथे त्यांच्या वाट्याला काय येते? “याचे डोके ठिकाणावर नसते, याच्या सहीवर पैसे देऊ नका,” असे खातेदाराचा भाऊ काउंटरवर सांगून जातो. हेतू काळजीचा असेल, क्वचित नसेलही. कायदा मात्र अधिक समंजस आहे. एरवी विकल मनाची असलेली व्यक्तीही मन स्वस्थ असताना करार करू शकते, असे भारतीय करार कायद्याचे 12 वे कलम सांगते. त्याखालचे उदाहरण तर मनोरुग्णालयातील रुग्णाचेच आहे. आणि हा कायदा 1872 चा! मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 याहून स्पष्ट आहे. सक्षम न्यायालयाने ठरविल्याखेरीज, केवळ मानसिक आजार आहे म्हणून कोणी विकल मनाचा ठरत नाही. याच अधिनियमाखाली रुग्ण जो प्रतिनिधी नेमतो, त्याचे काम उपचारांपुरते. चेकबुकावर त्याचा हक्क नाही.

आजार बळावलेल्या दिवसांत कोणी फसवील, ही कुटुंबाची भीती खोटी नव्हे. परंतु माणूस बरा असतानाच त्याच्याशी बोलून, त्याच्या संमतीने संयुक्त खाते उघडता येते, कार्डावरील मर्यादा कमी करून घेता येते. परस्पर खाते गोठविण्याचा आग्रह कशासाठी?

लपवाछपवीची किंमत रोकडीतही मोजावी लागते. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही आरोग्य विम्याचे संरक्षण द्यावे, असे 2017 च्या अधिनियमाचे 21 वे कलम बजावते. तरीही प्रस्तावपत्रातील पूर्वीच्या आजाराचा रकाना लोकलज्जेस्तव कोरा ठेवला जातो, आणि पुढे दावा नाकारण्यास तेच कारण पुरते. सल्ला हवा असल्यास ‘टेलि-मानस’ ही शासनाची निःशुल्क सेवा 14416 या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते.