विश्लेषण : जिल्हा परिषदेची शाळा मुलासाठी चांगली आहे, हे कसे ओळखायचे?

मे महिन्यात गावोगावी एकच चित्र दिसते. खासगी इंग्रजी शाळेची बस गल्लीत येऊ लागते आणि जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी पट टिकवण्यासाठी घरोघरी फिरतात. बस, टाय आणि इंग्रजी एका बाजूला, मोफत पुस्तके आणि खिचडी दुसऱ्या बाजूला, अशी निवड पालकांपुढे ठेवली जाते. वर्गात काय शिकवले जाते, हा प्रश्न दोन्ही दारांत क्वचितच विचारला जातो. सरकारी शाळा सरसकट वाईट नसतात आणि सरसकट आदर्शही नसतात. एकाच केंद्रातल्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. ते अंतर एका सकाळच्या भेटीत बऱ्यापैकी कळते. मात्र ती भेट प्रवेशोत्सवाच्या दिवशी नको, जुलै-ऑगस्टमधल्या किंवा जानेवारीतल्या एखाद्या साध्या मंगळवारी हवी.

रंगवलेल्या भिंतींवरून अंदाज येतो का?

फारसा नाही. लोकवर्गणी, कंपन्यांचा सामाजिक निधी आणि ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’सारखी अभियाने यांमुळे अनेक शाळांच्या भिंती बोलक्या झाल्या, वर्गात टीव्ही आले. ते चांगलेच आहे. पण टीव्हीवर धूळ आहे की बोटांचे ठसे, हे पाहावे. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप आहे का आणि आत पाणी येते का, हे भिंतीवरच्या चित्रांपेक्षा जास्त सांगून जाते. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा जिल्हा परिषद शाळांबद्दल अभिमानाने बोलले गेले. पण पालकांना मूल परितेवाडीला पाठवायचे नसते, घराजवळच्या शाळेत घालायचे असते.

कागदावरची माहिती कुठे मिळते?

प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यावरून पटसंख्या, शिक्षकांची संख्या, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे यांची माहिती संकेतस्थळावर पाहता येते. ही माहिती शाळेनेच भरलेली असते, त्यामुळे ती जाऊन पडताळावी. शिक्षण हक्क कायद्यानुसार (२००९) पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक हवेत. वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवे. प्रश्न असा विचारावा : मंजूर पदे किती, भरलेली किती आणि आज हजर किती? तिन्ही आकडे वेगवेगळे निघाले तर कारण विचारायला संकोच करू नये.

तिसरीच्याच वर्गात का डोकवावे?

कारण तिसरीत लपवता येत नाही. पहिलीतली मुले गाणी म्हणतात, चौथी-पाचवीतली पाठांतर दाखवतात. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकते आणि तिथून पुढे वाचून शिकते. ज्याला तिसरीच्या अखेरीस अडखळत वाचावे लागते, त्याला पाचवीचा परिसर अभ्यास आणि शाब्दिक गणिते दोन्ही अवघड जातात. चूक गणिताची नसते, वाक्य कळलेले नसते. म्हणूनच २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरी ही मर्यादा धरली : मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून वाचणे.

देशपातळीवर स्थिती काय आहे? ‘प्रथम’च्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. सुधारणा झाली, हे खरेच. तरीही चारांतली तीन मुले मागे आहेत. पालकांना शोधायची आहे ती या सरासरीच्या वरची शाळा.

यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन वर्गात दहा मिनिटे बसावे. गुरुजी हुशार मुलाला उभे करतील, ते साहजिक आहे. मधल्या रांगेतल्या मुलाशी बोलण्याची विनंती करावी. बालभारतीचा धडा अनेकांना तोंडपाठ असतो, म्हणून न वाचलेल्या गोष्टीच्या पुस्तकातला उतारा द्यावा आणि नंतर ‘मग काय झालं?’ एवढेच विचारावे. ५२ वजा १७ पाटीवर करायला सांगावे. हातच्याची वजाबाकी जमते की नाही, एवढ्यात कळते. मूल चुकले तर वर्ग हसतो का, गुरुजी ओरडतात का, की ‘परत बघ’ म्हणतात, हेही तिथेच दिसते. अर्थात हे तपासणी अधिकाऱ्याच्या थाटात करू नये. तपासण्यांनी शिक्षक आधीच वैतागलेले असतात. हीच परीक्षा खासगी शाळेतही घेण्याचा आग्रह धरावा. तिथे बहुतेक वेळा फाटकावरच अडवले जाते, आणि तेही एक उत्तरच आहे.

दोन शिक्षक आणि चार वर्ग, हे कसे जमते?

ग्रामीण महाराष्ट्रात द्विशिक्षकी शाळा पुष्कळ आहेत. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. ऐकून पालक घाबरतात. पण नियोजन असेल तर जोडवर्ग वाईट नसतो; दुसरीच्या मुलाने पहिलीच्या मुलाला वाचून दाखवणे हेही शिक्षणच आहे. पाहायचे ते हे, की गुरुजी एका गटाला शिकवत असताना दुसऱ्या गटाच्या हाती काम आहे का, आणि ते नंतर तपासले जाते का. वहीतल्या लाल शाईच्या तारखा पाहिल्या की उत्तर मिळते.

खरी अडचण येते ती दोनपैकी एक शिक्षक बाहेर असतो तेव्हा. जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देऊ नयेत, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात बैठका, प्रशिक्षणे आणि ऑनलाइन माहिती भरण्यातच किती दिवस जातात, हे शिक्षकांनाच विचारावे. ते मोकळेपणाने सांगतात. ही तक्रार शिक्षकांविरुद्ध नाही. शासनाने एका माणसाला वर्गही सांभाळायला लावायचा आणि तक्तेही भरायला लावायचे, हा त्या मुलांवरचा अन्याय आहे.

‘सेमी इंग्रजी’ची पाटी पुरेशी आहे का?

पट राखण्यासाठी अनेक शाळांनी पहिलीपासून सेमी सुरू केले. गणिताचे पुस्तक इंग्रजीत असते. शिक्षक संकल्पना मराठीत समजावून मग इंग्रजी शब्द देत असतील तर फायदा होतो. मूल ‘सबट्रॅक्शन’ म्हणते पण ‘किती उरले’ हे सांगू शकत नसेल, तर ना गणित आले ना इंग्रजी.

व्यवस्थापन समितीला विचारून काय उपयोग?

शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, ही कायद्याची तरतूद आहे. शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा असतो. समितीतल्या एखाद्या आईला गाठून मागची बैठक कधी झाली आणि काय ठरले, एवढे विचारावे. ‘सही करायला बोलावतात’ असे उत्तर आले तर आराखडा कागदावरच आहे असे समजावे. बोलते-चालते पालक मुलांना बसमध्ये बसवून मोकळे झाले की समितीत प्रश्न विचारणारेच उरत नाहीत, ही या निवडीची कमी बोलली जाणारी बाजू आहे.

पट कमी असलेली शाळा टाळावी का?

ही चिंता खरी आहे. वीसच्या आत पट असलेल्या शाळांचे पुढे काय, हा प्रश्न राज्यात वारंवार येतो, आणि मार्च २०२४ मधील संचमान्यतेच्या निकषांवर शिक्षक संघटनांचे आक्षेप आहेत. पट घटला की पद जाते, पद गेले की आणखी मुले जातात. पण लहान गावात हा हिशेब चार-पाच घरांवर फिरतो. ज्या शाळेत तिसरीची मुले वाचतात आणि तरी पट घसरतो आहे, तिथे शेजारच्या पालकांनी एकत्र बसून ठरवणे शहाणपणाचे. एकेकट्याने घाबरून घेतलेला निर्णय शाळा बंद पडायला पुरेसा होतो.

निर्णय चुकला तर?

बदलता येतो. कायद्याच्या कलम ५ नुसार एका शाळेतून दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा मुलाला हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला तात्काळ द्यायचा असतो आणि तो मिळायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जूनची तारीख उलटली किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणावरूनही नाही. खासगी शाळेने थकलेल्या फीसाठी दाखला अडवला तरी जिल्हा परिषदेच्या शाळेने त्या मुलाला वर्गात बसवायचे असते.