कुलूपबंद कपाटाची गोष्ट

"इंग्रजीत विचार करायला शिका, मनात भाषांतर करू नका!" स्पोकन इंग्लिशच्या क्लासपासून पालकसभेपर्यंत हा उपदेश इतक्या वेळा होतो की त्याला कुणी पुरावाच मागत नाही. वर पुरवणी जोडलेली असते: घरी मराठी बोललात तर पोरांचा गोंधळ होईल. जणू डोक्यात दोन कपाटं आहेत, आणि इंग्रजीचं उघडायचं तर मराठीच्या कपाटाला कुलूप घालायलाच हवं.

या कपाटांची झडती घेऊन झाली आहे, मंडळी. वेल्समधल्या बँगर विद्यापीठातले गीयोम तिएरी आणि यान जिंग वू यांनी ती २००७ साली प्रसिद्ध केली. इंग्रजी चांगलं येणाऱ्या चिनी लोकांना त्यांनी इंग्रजी शब्दांच्या जोड्या दिल्या. काम एवढंच, की दोन शब्दांच्या अर्थांचा एकमेकांशी संबंध आहे का ते सांगायचं. उदाहरणार्थ 'ट्रेन' आणि 'हॅम', म्हणजे डुकराच्या मांडीचं खारवलेलं मांस. काडीचा संबंध नाही. पण चिनीत ट्रेन म्हणजे 'हुओछ', शब्दशः आगगाडी (आपलीच की!), आणि हॅम म्हणजे 'हुओथुई', आगीचा पाय. दोन्हींत 'हुओ' लपलेला, आणि समोर तर चिनी अक्षर एकही नाही.

लोकांना या लपवाछपवीचा पत्ता लागला नाही. उत्तरं द्यायच्या वेळातही त्यामुळे फरक पडला नाही. चहाडी केली ती डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडनी! शब्द आल्यावर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूत जी विद्युतलहर उठते, ती 'हुओ'सारखं अक्षर सामाईक असलेल्या जोड्यांना बदलली. फक्त इंग्रजी येणाऱ्यांमध्ये असं काही झालं नाही. शब्द वाचायला देण्याऐवजी ऐकवले तरी तेच. २०१० मध्ये याच दोघांनी दाखवलं की इंग्रजी वाचताना जागा होतो तो चिनी शब्दाचा उच्चार, त्याचं लिखित रूप नव्हे.

म्हणजे इंग्रजी चांगलं येऊनही ज्यांना कुलूप घालता आलं नाही, असे हे लोक. आणि आपले मास्तर ते तीन महिन्यांच्या क्लासात घालून देणार!

आता कुणी म्हणेल, ही माणसं मोठी होती, आधी चिनी आणि मग इंग्रजी शिकलेली. कबूल. पाळण्यापासून दोन भाषा ऐकणाऱ्या मुलांबद्दल हा प्रयोग बोलत नाही. पण क्लासातला उपदेश तर नेमका अशाच, इंग्रजी मागाहून शिकणाऱ्यांना केला जातो. बरं, जागी झालेली चिनी कुणाच्या पायात आली? उत्तर उशिरा आलं? नाही.

वाक्यन् वाक्य मनात जुळवून मग बोलणारा अडखळतो, हे खरंच आहे. त्याला इंग्रजी बोलायचा सराव हवा. त्यासाठी घरातली मराठी बंद का करायची, हे मात्र मला अजून कुणी सांगितलेलं नाही.